हळदणकरांची दीपधारिणी

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जे प्रसिद्ध चित्र आहे, ते राजा रविवर्मा यांचे म्हणून सांगणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस अजूनही भेटतात. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. हे चित्र १९४५-४६च्या सुमारास सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी काढले आणि त्याकरिता त्यांची कन्या गीता समोर उभी राहिली.

ही चूक केवळ नावाची असती तर तिची दखल न घेतली तरी चालले असते. परंतु रविवर्म्यांच्या दमयंती-शकुंतलांच्या नजरेमागे पुराणातील प्रसंग उभा असतो, आणि तो ठाऊक असला म्हणजे चित्र निम्मे समजते. हळदणकरांच्या स्त्रीस कथाच नाही. ती त्याच दृष्टीने पाहू गेल्यास हाती काहीच लागत नाही.

शिवाय हे चित्र जलरंगातले आहे. तैलरंगात आधी काळोख रंगवून मागाहून त्यावर उजेडाचा जाड थर चढविता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागदच. जेथे प्रकाश हवा तेथे पहिल्यापासून हात आवरावा लागतो, आणि एकदा काळवंडलेली जागा पुन्हा पूर्वीसारखी उजळत नाही. आता तिच्या पंजाकडे पाहावे. ज्योतीच्या आड धरलेल्या बोटांच्या कडांतून प्रकाश पाझरतो आणि तेथे मांस तांबूस दिसते. रात्री दिव्यापुढे हात धरून पाहिलेल्या कोणासही ती लाली ओळखीची वाटेल. तोच उजेड चेहऱ्यावर पडून पुढे जांभळट साडीच्या चुण्यांत हळूहळू विरतो.

‘ग्लो ऑफ होप’ हे या चित्राचे रूढ इंग्रजी नाव आम्हांस मुळीच रुचत नाही. आशा पाहावयाची असे आधी ठरविले तर ती दिसेल. प्रत्यक्ष दिसते ते अवधान. दिवा विझू नये, एवढाच भाव त्या मुद्रेवर आहे, आणि तो सांजवात घेऊन अंगणात उतरणाऱ्या कोणत्याही बाईच्या तोंडावर असतो.

चेहऱ्यात गोडवा किंचित अधिक झाला आहे, हा आक्षेप आम्ही अगदीच अमान्य करीत नाही. छापील प्रतींत तर तेवढाच गोडवा उरतो, आणि बोटांतील लालीचा शेंदरी डाग होतो. रविवर्म्यांच्या नावाचा घोळ बहुधा अशा प्रतींनीच घातला असावा.