तेरा ध्येये आणि एक अंगण

भारत सरकारने २० ऑक्टोबर २०२२ रोजी प्रसिद्ध केलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ३ ते ८ वर्षे वयाच्या बालकांसाठी आहे. सरकारी दस्तऐवजाचे परीक्षण साहित्याच्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न वाचकांस पडणे साहजिक आहे. परंतु आपल्या लेकरांचे दिवस कसे जावेत हे ज्या लिखाणातून ठरते, ते आईबापांनी डोळसपणे वाचावयास हवे, असे आम्हांस वाटते.

आराखड्यात एकूण १३ ध्येये सांगितली आहेत. आरोग्य, इंद्रिये व शरीर यांविषयी ३, भावना, श्रम व निसर्ग यांविषयी ३, निरीक्षण व गणित यांविषयी २, भाषेविषयी ३, कलेविषयी १ आणि शिकण्याच्या सवयींविषयी १. मांडणी समतोल आहे. खेळ, गोष्ट, गाणे आणि गप्पा हेच या वयाचे शिक्षण, ही भूमिका निःसंदिग्ध आहे. या वयात परीक्षा घेणे सर्वथा अयोग्य, असेही आराखडा बजावतो. याबद्दल कर्त्यांचे ऋण मानावयास हवे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. या १३ ध्येयांपैकी वही उघडून दाखविता येतील अशी ३ च आहेत : गणित, पहिल्या भाषेतील वाचन-लेखन आणि दुसऱ्या भाषेतील वाचन-लेखन. उरलेली १० वहीत मावत नाहीत. रडणाऱ्या सोबत्याला आपल्या डब्यातील घास देणारे बालक कोणत्या रकान्यात बसवावे? आराखड्याने प्रत्येक ध्येयाची क्षमतांत आणि क्षमतांची वयानुरूप निष्पत्तींत विभागणी केली आहे. ती शिक्षकांच्या सोयीसाठी आहे हे खरे. परंतु कोष्टक हाती आले की मोजण्याचा मोह होतो, आणि जे मोजता येते तेच मोलाचे ठरते. मग ३ ध्येये १० ध्येयांस गिळून टाकतात.

येथे ताराबाई मोडकांचे स्मरण होते. १९०७ साली रोममधील एका दरिद्री वस्तीत मारिया माँटेसरींनी बालगृह उघडले. त्या विचाराचे बीज गिजुभाई बधेका यांनी भावनगरात रुजविले आणि ताराबाईंनी त्यांच्यासमवेत काम करून ते आपलेसे केले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आधी मुलांस न्हाऊमाखू घालणे, मग गाणी, गोष्टी, पाने, बिया आणि माती. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्या अंगणात ध्येय होते, पण ते बालकापुढे ठेवलेले नव्हते. मोठ्यांनी स्वतःपुढे ठेवलेले होते. बालक आले नाही, तर उणीव कोणाची याचे उत्तर त्यांनी चालत जाऊन दिले.

हाच निकष बागलाणातील नामपूरला लावून पाहावा. मोसम नदीच्या या परिसरात कितीतरी घरांत अहिराणी बोलली जाते. आराखडा म्हणतो, बालकाचे शिक्षण शक्यतो घरच्या भाषेतून व्हावे. परंतु अहिराणी बोलणाऱ्या चार वर्षांच्या बालकास पुस्तकी मराठी ही दुसरी भाषा आणि इंग्रजी ही तिसरी. त्याच्या तोंडी पहिल्याच दिवशी इंग्रजी अक्षरे घातली की ते गप्प होते. आणि आपण म्हणतो, मूल बुजरे आहे. वास्तविक त्या बालकाजवळ बोलण्यासारखे पुष्कळ असते. आजीची गोष्ट त्याला पाठ असते, कांद्याची चाळ त्याने पाहिलेली असते, बैलाचा स्वभाव त्याला ठाऊक असतो. विचारणाऱ्याला मात्र त्याची बोली यावयास हवी, निदान ती ऐकण्याची गोडी हवी.

म्हणून हा आराखडा पालकांनी अवश्य वाचावा; मात्र 'माझ्या मुलाला यातले काय येते' असे विचारीत वाचू नये. 'यातले आम्ही त्याला काय दिले' असे विचारीत वाचावा. धावावयास जागा दिली का? रात्री गोष्ट सांगितली का? घरातील लहानसे काम विश्वासाने सोपविले का? त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबलो का? १३ ध्येयांची परीक्षा घ्यावयाचीच असेल, तर ती आपणा मोठ्यांची घ्यावी. बालकाला अंगण द्यावे. त्यात काय करावयाचे ते त्याला कळते.