परदेशी स्वयंसेवक, ग्रामीण उद्योजक आणि वऱ्हाडी बोली

ग्रामीण तरुणाला धंद्यात उभे करण्यासाठी परदेशी स्वयंसेवकाने काही काळ खेड्यात येऊन राहावे, ही कल्पना भारताला नवी नाही. १९३४ च्या भूकंपानंतर पिएर सेरेसोल बिहारमध्ये खेड्यांच्या पुनर्बांधणीसाठी आले. १९६१ ते १९७६ या काळात अमेरिकेच्या 'पीस कोअर'चे चार हजारांहून अधिक स्वयंसेवक भारतात येऊन गेले. कुक्कुटपालन व शेती ही त्यांची प्रमुख क्षेत्रे होती. अशा उपक्रमांचे मूल्यमापन बहुधा अर्थकारणाच्या वा राजकारणाच्या अंगाने होते. अमरावती-अकोल्याच्या परिसरात मात्र ते भाषेच्या अंगानेही करून पाहणे आवश्यक ठरते.

प्रथम पारिभाषिक शब्द पाहू. 'स्वयंसेवा' या समासाचा एक अर्थ स्वेच्छेने केलेली सेवा. दुसरा, स्वतःच स्वतःला वाढून घेणे, आणि खाणावळीच्या पाटीवर तोच अभिप्रेत असतो. पहिल्या अर्थाने आरंभलेला उपक्रम दुसऱ्या अर्थाकडे केव्हा झुकतो, हा केवळ शब्दच्छल नव्हे. 'उद्योजक' हा शब्द तर अर्ज व अहवाल यांतून आलेला आहे. अकोल्याच्या डाळमिलला गावची तूर पुरवू पाहणारा तरुण स्वतःला 'धंदेवाला' म्हणेल, क्वचित 'कास्तकार'च म्हणेल. त्याला 'उद्योजक' ठरविताच तो नवशिका ठरतो. भाव, उधारी, अडत्या आणि हंगाम यांविषयीचे त्याचे ज्ञान मोजणीत येत नाही.

पीस कोअरची तीन घोषित उद्दिष्टे होती: प्रशिक्षित मनुष्यबळ पुरविणे, यजमानांना अमेरिकनांची ओळख घडविणे आणि अमेरिकनांना इतरांची. पहिल्यात यजमान केवळ गरजू आहे, दुसऱ्यात केवळ श्रोता. तिसऱ्यात तो ज्ञानाचा विषय होतो. तथापि ज्ञान देणारा म्हणून त्याचे नाव तेथेही घेतलेले नाही.

हे न्यून दैनंदिन व्यवहारात कसे प्रकटते, हे बोलीच्या उदाहरणांनी स्पष्ट होईल. पाठ्यपुस्तकातील मराठी शिकून आलेला स्वयंसेवक 'मी धंदा करून राहिलो' हे वाक्य ऐकतो. प्रमाणभाषेच्या नियमाने त्याला ते संपलेल्या क्रियेचे वाटते. वऱ्हाडीत ती क्रिया चालू असते. चालू धंदा बुडालेला समजला गेला, तर सल्लाही तसाच चुकीचा मिळणार. 'उद्या येजो' हे भविष्यकालीन आज्ञार्थाचे रूप आणि 'मले', 'तुले' ही चतुर्थीची रूपे त्याच्या पुस्तकात नसतात. 'ळ'चा 'य' होतो, म्हणून 'केळी' 'केयी' होते आणि 'माळ' 'माय' होते. मेळघाटात प्रश्न अधिक बिकट होतो. तेथील अनेक तरुणांची घरची भाषा कोरकू आहे. ती मराठीची बोली नसून मुंडा कुळातील स्वतंत्र भाषा आहे. बाजारासाठी मराठी वा हिंदी वापरणाऱ्या त्या तरुणाशी बहुधा एकभाषी असलेला पाहुणा इंग्रजीत बोलू लागला, तर अडाणी कोण, हा प्रश्न उरतोच.

यावर असा आक्षेप येईल की, प्रत्येक तालुक्याची बोली शिकविणे कोणत्याही संस्थेला शक्य नाही. आक्षेप रास्त आहे. शिवाय नवे तंत्र, हिशेबाची शिस्त आणि दूरच्या बाजारपेठेची माहिती बाहेरून येते, हेही नाकारता येत नाही. परंतु जे आधी शिकविता येत नाही, ते गावात शिकता येते. त्यासाठी मुक्कामाच्या आरंभीचे महिने सल्ल्याचे नव्हे, तर ऐकण्याचे मानले पाहिजेत, आणि शिकविणाऱ्या ग्रामस्थाला शिक्षकाचा मान व मोबदला दिला पाहिजे. काही आठवड्यांच्या भेटीत हे घडणे अशक्यप्राय आहे. म्हणून अशा भेटींना सेवा म्हणण्यापेक्षा सहल म्हणणे अधिक अचूक होय.

या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडच्याच परंपरेत आहे. तेराव्या शतकात महानुभाव परंपरेनुसार गुजरातेतून आलेल्या चक्रधरांनी अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंकडून ज्ञान घेतले आणि आपले निरूपण लोकांच्या मराठीत केले. पुढे नागदेवाचार्यांनी संस्कृतचा आग्रह नाकारला, तो त्या भाषेमुळे पंथातील म्हाताऱ्या वंचित राहतील म्हणून. परक्या प्रांतातून आलेला मनुष्य प्रथम शिष्य झाला आणि मगच गुरू, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे. परदेशी स्वयंसेवेची कसोटीही हीच असावी: स्वयंसेवकाने किती शिकविले, याआधी गावाने त्याला काय शिकविले, हे त्याच्या अहवालात नोंदलेले आहे काय?