बिनतारी घंटा

पडद्यावर अकरा चौकटी आहेत. प्रत्येकीत ‘पार्शल’ हा एकच शब्द आणि त्यापुढे चार आकडे. चौकटीच्या वर तार नाही, खाली तार नाही. तारा जोडून आवाज घडवायची ही पद्धत ज्याने थोडीफार हाताळली आहे, त्याला हे चित्र पहिल्यांदा बघताना फाइल अर्धवटच उतरली असं वाटतं. मलाही वाटलं. तरी ठोक्याचं बटण दाबून पाहिलं, आणि खोलीत घंटा वाजली. मोबाइलमधली टिंग नव्हे. आधी धातूवर धातू आपटल्याची कडक कडा आणि मग तिच्यामागून हेलकावत दूर जाणारा भरदार नाद. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात कुणी घंटेला हात लावून पुढे गेलं की आपण मागे उभे राहून जो ऐकतो, त्याच जातीचा.

ही घंटा ‘प्युअर डेटा’ या प्रणालीसोबत येणाऱ्या उदाहरणांपैकी एक. मिलर पकेट या अमेरिकी गणितज्ञाने १९८० च्या दशकात पॅरिसच्या ‘इर्काम’ संस्थेत ‘मॅक्स’ घडवलं आणि १९९६ मध्ये ‘प्युअर डेटा’ खुलं केलं. दोन्हींत प्रोग्राम लिहायचा नसतो, काढायचा असतो. चौकटी मांडायच्या, वरच्या तोंडांतून आत घ्यायचं, खालच्या तोंडांतून बाहेर सोडायचं, मध्ये तारा. घंटेची पाककृती मात्र पकेटची नाही. ती झाँ-क्लोद रिसे या फ्रेंच संगीतकाराची. संगणकाने घडवलेल्या ध्वनींची एक सूची त्याने १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार केली, तिच्यात ही घंटा आहे. (बेलमध्येच घंटा सापडावी, हा योगायोग मला फार आवडतो.) रिसेने आकडे दिले, पकेटने मांडणी दिली. या लेखात मला बोलायचं आहे ते मांडणीबद्दल, पण आकड्यांना ओलांडून तिथे जाता येत नाही.

आधी नेहमीची रीत सांगतो. एखादी जुळणी वारंवार लागणार असेल, तर ती वेगळ्या फाइलीत ठेवतात आणि हवी तिथे नुसतं नाव लिहून बोलावतात. हिला अ‍ॅब्स्ट्रॅक्शन म्हणतात. आमच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ओतशाळांत ही कल्पना कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. एक लाकडी पॅटर्न, त्यावरून हवे तितके मोल्ड. फरक एवढाच, की पॅटर्नला उद्या कानस लावली म्हणून काल ओतलेले नग बदलत नाहीत. इथे ‘पार्शल’ची मूळ फाइल सुधारून जतन केली, की अकराही नग जागच्या जागी बदलतात.

अशा अ‍ॅब्स्ट्रॅक्शनला तोंडं द्यायची, तर आत ‘इनलेट’ नावाच्या चौकटी ठेवायच्या. त्यांतली पहिली कोणती, दुसरी कोणती, हे ठरतं ते पडद्यावरच्या जागेवरून. जी अधिक डावीकडे ती पहिली. वाचताना हे सोपं वाटतं. मी एकदा तंबोऱ्याची अशी एक जुळणी केली होती. तिला चार तोंडं होती: छेड, स्वर, जवारी आणि आवाज. एका संध्याकाळी आतलं चित्र नीटनेटकं करायचं म्हणून आवाजाचं इनलेट उचलून जरा डावीकडे, स्वराच्याही अलीकडे ठेवलं. दिसायला छान दिसलं. दुसऱ्या दिवशी ती जुळणी वापरणारी जुनी फाइल उघडली. त्या फाइलीत तार म्हणजे चार आकडे असतात: कोणती चौकट, तिचं कितवं तोंड, पुढची चौकट, तिचं कितवं तोंड. नाव कुठेच नाही, फक्त क्रमांक. काळी एकच्या षड्जाचे १३८ आणि काही अपूर्णांक आवाजाच्या तोंडात गेले. स्पीकरचा कोन त्या दिवसापासून घरघरतो आहे. चित्रात जागा म्हणजे व्याकरण असतं, हे मला त्या घरघरीने शिकवलं.

पकेटच्या या व्याकरणाला आतून एक शिस्त आहे, ती न्यायाने सांगायला हवी. सगळ्यांत डावं तोंड ‘गरम’, बाकीची ‘थंड’. थंड तोंडात आलेला आकडा चौकट नुसता लक्षात ठेवते. गरम तोंडात काही आलं की मगच कामाला लागते. आणि एकाच चौकटीच्या खालच्या तोंडांतून बाहेर पडायचं असेल, तर क्रम उजवीकडून डावीकडे. म्हणजे थंड तोंडं भरून झाल्यावर शेवटी गरम तोंड भरतं आणि जुन्या आकड्यावर हिशेब होत नाही. दोन नियम एकमेकांत असे बसतात, की एकट्या कुठल्याही नियमाला अर्थ उरत नाही. म्हणून जाणकार माणूस आपल्या जुळणीतही मुख्य प्रवाह डावीकडे ठेवतो आणि क्वचित बदलणाऱ्या गोष्टी उजवीकडे सरकवतो.

एवढी सुंदर सोय स्वतःच घडवणारा माणूस घंटेच्या अकरा चौकटींत एकही तोंड ठेवत नाही. का?

चार आकडे वाचू या. प्रत्येक ‘पार्शल’ म्हणजे घंटेच्या नादातला एक घटक सूर. पहिला आकडा त्या सुराचा जोर, दुसरा त्याचं आयुष्य, तिसरा मूळ कंपनसंख्येशी त्याचं गुणोत्तर, चौथा थोडीशी फारकत. पहिली चौकट सांगते: जोर १, आयुष्य १, गुणोत्तर ०.५६, फारकत ०. दुसरी सांगते: जोर ०.६७, आयुष्य ०.९, गुणोत्तर तेच ०.५६, पण फारकत १. मूळ कंपनसंख्या ४०० धरली, तर एक सूर २२४ वर आणि दुसरा २२५ वर. दोघांच्या भांडणातून सेकंदाला एक हेलकावा निघतो. तिसऱ्या-चौथ्या चौकटींची जोडी ०.९२ वर आहे, तिथे फारकत १.७. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जुळवणाऱ्याला हे लगेच कळेल. दोन्ही तारा एकाच षड्जाच्या, पण दोघींत केसभर अंतर राहिलं की नादाला लाट येते. खऱ्या घंटेलाही ती येते, कारण ओतीव धातू सगळीकडून अगदी सारखा गोल कधीच नसतो.

चौथ्या आकड्याची खुबी तो कुठे लावला आहे यात आहे. आधी मूळ कंपनसंख्येला तिसऱ्या आकड्याने गुणायचं, आणि चौथा त्यात मिळवायचा. गुणायचा नाही, मिळवायचा. त्यामुळे तुम्ही घंटा लहान करा, मोठी करा, स्वर वर न्या, खाली आणा, हेलकाव्याचा वेग तोच राहतो. बेरजेऐवजी गुणाकार केला असता, तर स्वर चढवताच लाट थरथरीत बदलली असती.

दुसऱ्या आकड्यांची रांगही अशीच वाचण्याजोगी आहे. ती १ पासून सुरू होते आणि अकराव्या चौकटीत ०.०७५ वर येते. घंटा २० सेकंदांची ठरवली, तर सर्वांत उंच सूर दीड सेकंदात विझतो. सगळ्यांत जोरकस आहे तो पाचवा, जोर २.६७. पण त्याचं आयुष्य ०.३२५, म्हणजे साडेसहा सेकंद. ठोका पडताच मैफल मारून नेणारा पाहुणा लवकर उठून जातो. शेवटपर्यंत बसून राहतो तो पहिलाच सूर, खालचा, मंद, आणि जवळजवळ अखेरीपर्यंत त्याच्याशी हुज्जत घालणारा दुसरा. प्रत्येक सूर काही मिलिसेकंदांत उभा राहतो. मग सरळ उतरत्या रेषेचा वर्ग, आणि त्या वर्गाचाही वर्ग करून त्याला खाली आणलं आहे. निम्म्या वेळात सोळावा भाग उरतो, आणि उरलेला सोळावा भाग विझायला उरलेला निम्मा वेळ घेतो. घंटेची शेपटी लांबते ती इथे.

आता मांडणीकडे. हे चार आकडे प्रत्येक चौकटीचे स्वतःचे, जन्माचे. ते वाजताना बदलत नाहीत. म्हणून ते तारेने येत नाहीत, नावाशेजारी लिहिलेले असतात, आणि आतली चौकट त्यांना डॉलर-एक, डॉलर-दोन अशा खुणांनी ओळखते. उलट तीन गोष्टी सगळ्यांना सारख्याच हव्यात: ठोका कधी पडला, मूळ स्वर कोणता, घंटा किती लांबवायची. या तिन्हींची दवंडी पिटली आहे. बाहेर ‘सेंड’ आणि आत ‘रिसीव्ह’, नाव एकच. दवंडी ऐकणारे अकरा असोत की शंभर, पिटणाऱ्याचं काम वाढत नाही. आणि बाहेर पडताना प्रत्येक चौकट आपला सूर ‘थ्रो’ने ‘सम’ या नावाकडे फेकते, तिथे एकच ‘कॅच’ सगळ्यांची बेरीज झेलतो. हेच तारांनी करायचं झालं असतं, तर आत येणाऱ्या तेहतीस आणि बाहेर जाणाऱ्या अकरा, मिळून चव्वेचाळीस तारा. त्या जाळ्याखाली आकडे दिसलेही नसते. पकेटने आकडे वर ठेवले, कारण घंटा त्या आकड्यांत आहे. चित्र वाचणाऱ्याची नजर कुठे जावी, हे ठरवण्याचं काम त्याने तार गाळून केलं आहे.

इतकं कौतुक केल्यावर तक्रारही मांडतो. ठोक्याचं ‘ट्रिगर’, स्वराचं ‘फ्रीक्वेन्सी’, बेरजेचं ‘सम’ ही नावं साऱ्या गावाची आहेत. शिकवण्यापुरती ती ठीक. पण मला दोन घंटा हव्या होत्या, एक मंद्र आणि एक तार. मी फाइलीची दुसरी प्रत उघडली. खालच्या खिडकीत ‘सम’ नाव दोनदा आल्याचा इशारा उमटला, तो मी घाईत वाचला नाही. एक घंटा वाजवली आणि दोन्ही घंटांच्या बावीस चौकटी एकदम बोलल्या. दवंडी ऐकणाऱ्याला ती कुणी पिटली हे कळत नाही. उपाय आहे: बाहेरच्या फाइलीचा स्वतःचा अनुक्रमांक, डॉलर-शून्य, हा पाचवा आकडा म्हणून प्रत्येक ‘पार्शल’ला द्यायचा, आणि आतलं-बाहेरचं प्रत्येक नाव त्या अनुक्रमांकाने सुरू करायचं. मग दवंडी आपल्याच वाड्यात राहते. इथे अनेकांची चूक होते. ते डॉलर-शून्य आतल्या फाइलीतच लिहितात. तिथे प्रत्येक चौकटीला वेगळा अनुक्रमांक मिळतो, अकराही जण आपापल्या खोलीत दार लावून बसतात आणि घंटा मुकी होते.

हे केल्यावर मी पूर्ण घंटाच एक अ‍ॅब्स्ट्रॅक्शन केली, आणि तिला मात्र तोंडं दिली. डावीकडे ठोका, मध्ये स्वर, उजवीकडे लांबी, खाली आवाजाचं एक तोंड. आत दवंडी, बाहेर तारा. पकेटची मूळ फाइल पाहून काही जण सगळंच बिनतारी करत सुटतात. मी अशा फाइली दुरुस्त केल्या आहेत. त्यांत चित्र उरत नाही, चौकटींची नुसती यादी उरते, आणि आवाज कुठून येतो ते शोधायला प्रत्येक चौकट उघडावी लागते. अकरा सख्ख्या भावंडांना जी मोकळीक शोभते, ती परक्यांच्या घोळक्याला शोभत नाही.

‘प्युअर डेटा’ फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. उदाहरणांच्या कप्प्यात ‘डी०७’ने सुरू होणारी फाइल शोधा. घंटा एकदा पूर्ण विझेपर्यंत ऐका. मग दुसरी आणि चौथी चौकट पुसा, आणि पुन्हा ठोका द्या.