तपासणी कुलपाच्या आत की बाहेर?

कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, पाठ्यपुस्तकाचीही होते. संगणकाच्या आज्ञावलीची मात्र होत नाही. ती चालते की नाही, एवढेच आपण पाहतो. वास्तविक आज्ञावली हेदेखील माणसांनी लिहिलेले लेखनच आहे. तिच्यात विचार दिसतो, तशी विचारातली ढिलाईही दिसते. लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, कोणालाही वाचण्यास खुला आहे. त्यातल्या एका लहानशा भागाची समीक्षा आम्ही येथे करणार आहोत. हा भाग आहे कन्सोलचा.

संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकताना आपण पाहिल्या असतील. ते कर्नेलचे बोलणे होय. हे बोलणे ज्या वाटेने बाहेर पडते ती वाट म्हणजे कन्सोल. समोरचा पडदा हा एक कन्सोल, सिरियल केबलच्या दुसऱ्या टोकाला जोडलेले यंत्र हा दुसरा, नेटवर्कवरचा दूरचा संगणक हा तिसरा. प्रत्येकासाठी एक ड्रायव्हर असतो आणि तो कर्नेलकडे आपली नोंद करतो. सारे सुरळीत असेपर्यंत या ओळींकडे कोणी ढुंकून पाहत नाही. यंत्र कोसळते तेव्हा मात्र शेवटची ओळ हाच अनेकदा एकमेव पुरावा उरतो. म्हणून कन्सोलच्या आज्ञावलीला आम्ही एकच कसोटी लावू: यंत्र कोसळताना त्याचे शेवटचे शब्द बाहेर पडतात का?

मूळ अडचण समजण्यासाठी अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर स्टेशनचे उदाहरण सोयीचे आहे. येथे मुंबई-हावडा हा रात्रंदिवस वाहता लोहमार्ग आणि यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी नॅरोगेज शकुंतला एकत्र येत. शकुंतला आता धावत नाही. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत चालवले. त्या रुळांवर एकच गाडी जाणार आणि तीच परत येणार. मग टक्कर व्हायची कोणाशी? मुख्य मार्गावर असे म्हणून चालत नाही.

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने तो एकाच प्रोसेसरच्या संगणकासाठी लिहिला. तो काळ शकुंतलेचा होता. जून १९९६ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीपासून एका संगणकात अनेक प्रोसेसर चालू लागले. एकाच रुळावर अनेक गाड्या आल्या. तेव्हा घाईने साऱ्या कर्नेलला मिळून एकच मोठे कुलूप लावले गेले. ते टप्प्याटप्प्याने फोडून लहान लहान कुलपे करता करता २०११ साल उजाडले. कन्सोलचे स्वतःचे असेच एक मोठे कुलूप आहे. ते मात्र पुष्कळसे तसेच राहिले.

हे कुलूप जातीने सेमाफोर आहे. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात संगणकशास्त्रात हा शब्द रूढ केला तो रेल्वेच्या हाताच्या सिग्नलवरून. तेव्हा रेल्वेशी तुलना करण्यात अन्याय नाही. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी, म्हणून आपल्या रेल्वेने टोकनची पद्धत पुष्कळ वर्षे वापरली. यंत्रातून धातूचा गोळा मिळाल्याखेरीज गाडी पुढे न्यायची नाही. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही टोकांची यंत्रे दुसरा गोळा देत नाहीत. शिवाय गोळ्याची ठेवण अशी असते की शेजारच्या टप्प्याच्या यंत्रात तो बसतच नाही. म्हणजे टोकन दोन गोष्टी सांगते: परवानगी कोणाला आहे आणि कोणत्या टप्प्याची आहे.

कन्सोलच्या कुलपावर आमचा पहिला आक्षेप येथेच आहे. ते कोणत्या टप्प्याचे आहे, हे सांगता येत नाही. नोंदलेल्या कन्सोलची यादी त्यानेच राखायची, ओळी छापण्याचे काम त्यानेच राखायचे, एका पडद्यावरची अनेक आभासी टर्मिनले बदलण्याचे कामही त्याच्याच आड. एका किल्लीने दप्तरखाना, प्रयोगशाळा आणि धान्यकोठी बंद केली, तर प्रयोगशाळेतल्या कामासाठी धान्यकोठीही अडून राहते. त्याहून वाईट म्हणजे किल्ली नेमकी कशासाठी आहे, हे पुढे कोणालाच आठवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो नोंदणीच्या तपासणीवर आहे. नवा कन्सोल नोंदवताना कर्नेल दोन गोष्टी पाहते. हा कन्सोल यादीत आधीच आहे का? आणि खरा कन्सोल आलेला असताना कोणी तात्पुरता, केवळ सुरुवातीपुरता कन्सोल तर नोंदवत नाही ना? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. यादी ही साखळी असते. मुले एकापुढे एक उभी राहून पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतात, तशी. पहिल्या क्रमांकावर उभ्या असलेल्या मुलालाच आणखी एकदा पहिल्या क्रमांकावर घ्यायचे ठरवले, तर त्याला स्वतःच्याच खांद्यावर हात ठेवावा लागेल. मग साखळीच्या शेवटापर्यंत जाऊ पाहणारा त्याच्याभोवतीच फिरत राहील. संगणकात याचा अर्थ एकच: यंत्र गोठले.

तपासणी होती, कुलूपही होते, पण ६.१ या आवृत्तीपर्यंत ही तपासणी कुलपाच्या बाहेर होत असे. आधी यादी पाहायची, मग कुलूप घ्यायचे, मग नाव घालायचे. पाहणे आणि लिहिणे यांच्यामधल्या क्षणात दुसऱ्या प्रोसेसरने यादी बदलली तर? शाळेत दोन लेखनिक एकाच मुलाचा अर्ज घेऊन दाखलखारीज रजिस्टरपाशी आले, असे समजा. पहिल्याने पाहिले, नाव नाही. दुसऱ्याने पाहिले, नाव नाही. मग दोघांनीही पाळीपाळीने नाव लिहिले. दोघांनीही तपासले होते, दोघेही खरे बोलत होते आणि रजिस्टर मात्र चुकले. ऑक्टोबर २०११ मधली पटपडताळणी राज्यभर एकाच वेळी का घेतली गेली, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. एका शाळेत या आठवड्यात आणि दुसऱ्या शाळेत पुढच्या आठवड्यात मोजले असते, तर तेच मूल दोनदा मोजले जाण्यास वाव राहिला असता. मोजणी चालू असताना पट हलता कामा नये.

यावर असे म्हटले जाईल की, प्रत्यक्षात कन्सोल बहुधा एकामागून एक नोंदले जातात; असा योग क्वचितच येतो. हे खरे आहे. पण क्वचित येणारी चूकच सर्वांत छळते. रोज होणारी चूक सापडते. वर्षातून एकदा, तीही दुसऱ्याच्या यंत्रावर होणारी चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही आणि म्हणून दुरुस्तही होत नाही.

तिसरा आक्षेप एका पहारेकऱ्यावर आहे. पडद्याच्या आज्ञावलीत ठिकठिकाणी एक तपासणी पेरलेली आहे: येथे येताना कुलूप लागलेले आहे ना? नसेल तर इशारा छापायचा. पण ती फक्त कुलूप लागले आहे का, एवढेच विचारते. ते कोणी लावले, हे विचारत नाही. किल्ली दुसऱ्याच कोणाकडे असली आणि आपण बिनपरवाना आत शिरलो, तरी पहारेकरी समाधानी. लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होते. हे साधन परिपूर्ण नाही आणि ही आज्ञावली म्हणजे एक पसारा आहे, अशी कबुली त्यांनी तिथल्याच टिपणीत दिली आहे. या प्रामाणिकपणाचे आम्हाला कौतुक वाटते. परंतु कबुली ही दुरुस्ती नव्हे.

चौथी गोष्ट तर आमच्या कसोटीवर सरळ नापास होते. चित्रपडद्याचा ड्रायव्हर आपली नोंद करतो तेव्हा कन्सोलचे कुलूप धरून ठेवले जाते. नेमक्या त्याच वेळी काही बिघडले, तर ते सांगणारी ओळ छापण्यासाठी हेच कुलूप हवे असते. पडदा काळाच राहतो आणि कारणही कळत नाही. शिट्टी कपाटात ठेवून कपाटालाच आग लागावी, तसा हा प्रकार. यावर उपाय म्हणून कुलपाशिवाय नोंदणी करू देणारी एक कळ पुढे ठेवण्यात आली, पण ती केवळ दोष शोधणाऱ्यांसाठी. कुलूप काढल्याशिवाय दोष दिसत नाही, ही त्या कुलपाविरुद्धची सर्वांत बोलकी साक्ष आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ या आवृत्तीत जॉन ओग्नेस यांनी केलेला बदल आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कन्सोलच्या यादीसाठी त्यांनी स्वतंत्र कुलूप केले. नोंदणीचे पहिले पाऊल म्हणजे हे कुलूप घेणे, तपासणी त्यानंतर. यादी नुसती वाचणाऱ्यांना थांबावे लागू नये, अशीही सोय आहे. पुढच्या आवृत्त्यांत छापण्याच्या हक्काला पायऱ्या आल्या: नेहमीचे काम, आणीबाणी आणि कोसळण्याची वेळ. वरच्या पायरीचा प्रोसेसर खालच्याकडून कन्सोल काढून घेऊ शकतो, पण शक्यतो सुरक्षित जागी. अगदीच निरुपाय झाला तरच बळाने. मुख्य मार्गावर अपघात मदत गाडीला वाट देतात, त्यातलाच हा विचार आहे. या कामाचे वजन एवढ्यावरून कळावे की, वेळेचे काटेकोर बंधन पाळणारी लिनक्सची व्यवस्था नोव्हेंबर २०२४ मधल्या ६.१२ या आवृत्तीत मुख्य प्रवाहात आली, तिच्या वाटेतला शेवटचा मोठा अडथळा कन्सोलवर छापण्याचाच होता.

म्हणजे सारे आलबेल झाले, असे नाही. आभासी टर्मिनलांचा जुना पसारा ६.१२ मध्येही त्याच जुन्या कुलपाच्या आड होता. एकदा शकुंतलेच्या हिशेबाने बांधलेला मार्ग मुख्य मार्गासारखा करणे सोपे नसते. शिवाय काम चालू असताना वाहतूकही बंद ठेवता येत नाही.

आम्हाला खरी खंत वेगळीच वाटते. आज्ञावलीलेखन शिकवताना ‘आधी तपासा, मग करा’ एवढे सांगून आपण थांबतो. तपासणी आणि कृती यांच्यामध्ये दुसरे कोणी येणार नाही, याची हमी कोणाची, हा प्रश्न आपण विचारत नाही. विद्यार्थ्यांच्या हातातल्या साध्या फोनमध्येही आता अनेक प्रोसेसर असतात. तेव्हा हा प्रश्न पुढच्या इयत्तांवर ढकलून चालणार नाही.

तो विचारण्यासाठी संगणकाचीही गरज नाही. फळ्यावर पाच नावे लिहा. दोन विद्यार्थ्यांना एकच नवे नाव चिठ्ठीवर द्या. सूचना एवढीच: नाव फळ्यावर नसेल तरच लिहायचे. पाहून झाल्यावर दोघांनाही मागच्या भिंतीपर्यंत जाऊन खडू आणायला सांगा. मग हाच खेळ एकाच खडूने खेळा. खडू हातात असेल त्यानेच फळ्याकडे पाहायचे आणि लिहून झाल्यावरच खडू खाली ठेवायचा. पहिल्या खेळात नाव दोनदा का आले, हे वर्गाला सांगू द्या.