भविष्यवाणीचे प्रमाण आणि मराठी ख्रिस्ती मन : नीळकंठशास्त्री गोऱ्हे व पंडिता रमाबाई यांच्या संदर्भात

वाशीम जिल्ह्यातील कामरगाव हे कारंजा तालुक्यातील गाव. कारंजा ही नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी होय आणि ‘गुरुचरित्रा’तील त्यांच्या जन्माची कथा ही मुळात एका वचनाच्या पूर्ततेची कथा आहे. मतिमंद पुत्रामुळे हिणवली गेलेली एक माता कुरवपुरी जीव देण्यास निघते, श्रीपाद श्रीवल्लभ तिला पुढील जन्मी आपल्यासारखा पुत्र होईल असा वर देतात, ती कारंजात जन्म घेते आणि वर खरा ठरतो. ‘आधी सांगितले, पुढे घडले’ ही विश्वासाची रीत या परिसरातील भाविकाला परकी नाही. ख्रिस्ती धर्मविचाराने मात्र या रीतीकडून अधिक मोठी अपेक्षा केली. भाविकाचे मन दृढ करण्यापुरते न थांबता, ग्रंथ ईश्वरप्रणीत आहे हे अश्रद्धासही पटविण्याचे काम तिच्याकडे सोपविले. हे काम तिला कितपत पेलते, याचा शोध मराठी भाषकांपैकी ज्यांनी स्वतःच्या आयुष्याची किंमत देऊन घेतला, त्यांत नीळकंठशास्त्री गोऱ्हे (1825–1895) आणि पंडिता रमाबाई (1858–1922) यांची नावे अग्रभागी येतात.

ख्रिस्ती युक्तिवादाचे स्वरूप थोडक्यात असे. जुन्या करारातील संदेष्ट्यांनी येणाऱ्या तारणाऱ्याविषयी शतकानुशतके आधी सांगून ठेवले. त्याचा जन्म बेथलेहेमात होईल असे मीखा म्हणतो, तो दुःख सोसून इतरांची पापे वाहील असे यशयाच्या 53 व्या अध्यायात येते, आणि नव्या करारात मत्तय पदोपदी या वचनांची पूर्तता दाखवितो. मनुष्यास भविष्य ज्ञात नसते, ते ईश्वरासच असते, सबब हे ग्रंथ ईश्वराकडून आले. पेलीसारख्या ग्रंथकारांनी चमत्कार व भविष्यकथन यांचा ‘पुरावा’ म्हणून केलेला विचार मिशनरी शिक्षणातून आपल्याकडे पोहोचला. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जे वाद झाले, त्यांमागेही खरा ग्रंथ कोणता आणि तो ओळखावा कसा, हाच प्रश्न होता.

गोऱ्हे यांचा प्रवास या दृष्टीने विलक्षण आहे. जॉन म्यूर यांनी 1839 साली ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून खऱ्या शास्त्राच्या कसोट्या मांडल्या. त्यास उत्तरे देणाऱ्यांत सिहोरचे सुबाजी बापू हे मराठी पंडितही होते. ज्याचा मार्ग त्याच्यासाठी ईश्वरानेच योजिला आहे, अशी त्यांची उदार भूमिका होती. काशीत वाढलेल्या तरुण गोऱ्ह्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून याहून कठोर उत्तर दिले. शास्त्र तर्काच्या तराजूत तोलावयाचे नसते, तर्काने शास्त्राच्या मागून चालावयाचे असते, असा त्याचा रोख होता. हेच गोऱ्हे 1848 साली जौनपूर येथे ख्रिस्ती झाले आणि पुढे ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याचे प्रमाण देऊ लागले. येथे विसंगती दिसते खरी, परंतु ती वरवरची आहे. तर्काला शास्त्राचा न्यायाधीश मानणे त्यांच्या पिंडाला उत्तरायुष्यातही मानवले नाही. शंकांनी त्यांना जन्मभर पछाडले होते, असे त्यांच्या चरित्रावरून दिसते. पुराव्यांनी ज्याची शंका मिटत नाही असा मनुष्य पुरावे लिहीत बसतो, यात त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण आहे.

या युक्तिवादाची खरी परीक्षा समान मापाच्या प्रश्नात होते. पुराणांत कलियुगातील राजवंशांची हकिकत भविष्यकाळी क्रियापदांत सांगितली आहे. ही वर्णने त्या राजांच्या नंतर रचली गेली व प्राचीन ऋषींच्या मुखी घातली गेली, असे अभ्यासक मानतात आणि मिशनरी टीकाकारालाही ते सहज मान्य होते. पण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या तत्त्ववेत्त्याने दानीएलाच्या पुस्तकाविषयी नेमके हेच म्हटले होते. त्यातील राजांचे तपशील इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापर्यंत अचूक आहेत, कारण ते तेव्हाच लिहिले गेले, असे त्याचे मत होते आणि आजचे बहुसंख्य बायबल-अभ्यासक त्याच निष्कर्षाचे आहेत. पुराणाला एक माप आणि दानीएलाला दुसरे, असे धरून चालणारा युक्तिवाद पक्षपाती ठरतो. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळसे खंडनमंडन याच दोषाने निष्फळ झाले आहे, आणि हा दोष एकाच पक्षाचा नव्हता.

यशयाची गोष्ट निराळी आहे. 1947 साली मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेली यशयाची गुंडाळी ख्रिस्तापूर्वी सुमारे शतकभर आधीची आहे. तेव्हा 53 वा अध्याय मागाहून लिहिला गेला, हा आक्षेप टिकत नाही. तरीही अर्थाचा प्रश्न उरतो. त्या अध्यायातील दुःखी सेवक म्हणजे खुद्द इस्राएल जनता, असा अर्थ यहुदी परंपरेने दीर्घकाळ लावला आहे. 7 व्या अध्यायातील मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तरुण स्त्री’ असा होतो. ग्रीक भाषांतरात तेथे ‘कुमारी’ आले आणि मत्तयाने तोच पाठ उद्धृत केला. म्हणजे वचन आधीचे असले, तरी पूर्तता वाचकाच्या अर्थग्रहणातून दिसते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील कूशी अधिकारी यशया वाचत असतो, पण संदेष्टा कोणाविषयी बोलतो आहे, हे त्याला फिलिप्पाला विचारावेच लागते. भविष्यवाणी ही जुळणाऱ्या वचनांची यादी नसून एका समाजाने आपला इतिहास वाचण्याची रीत आहे, असे धरले तर तिचा विचार अधिक न्याय्य होतो. या अर्थाने ती श्रद्धेचे कारण होऊ शकते. अश्रद्धास निरुत्तर करणारा पुरावा मात्र ती होत नाही.

रमाबाईंच्या अनुभवातून हेच उघड होते. गोऱ्ह्यांनी त्यांच्यासाठी लिहिलेले पत्र पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि त्यांची बुद्धी वळविण्याचे श्रेय रमाबाईंनी गोऱ्ह्यांस दिले आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु फुलहॅम येथे पतित स्त्रियांसाठी चाललेले काम पाहून आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकून त्यांचे हृदय हलले होते. तेथे भाकिताचा संबंध नव्हता. ज्या स्त्रीला कोणी विचारत नाही तिच्याशी बोलणारा एक पुरुष तेथे होता. 1907 सालच्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की, आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी लाभला आणि ख्रिस्त पुष्कळ वर्षांनी. बाप्तिस्म्यानंतरही त्रैक्यादी मतांवर त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून कडक वाद घातला. जे बायबलात आपल्याला आढळत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मानणार नाही, हा त्यांचा बाणा होता. ब्राह्मणी शास्त्राची सत्ता नाकारून आलेल्या विदुषीने दुसरी सत्ता निमूटपणे पत्करावी, अशी अपेक्षा करणेच मुळात चुकीचे होते.

जोतीराव फुले यांची भूमिका याहून पुढची. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त कोणताही धर्मग्रंथ संपूर्ण व सार्वकालिक सत्याचा धनी मानलेला नाही. एकाच घरात वेगवेगळ्या धर्मांची माणसे प्रेमाने राहू शकतात, असे ते मानतात. ज्यांना ग्रंथप्रामाण्यच नको, त्यांचा प्रश्न असा सुटतो. गोऱ्हे व रमाबाई यांना ग्रंथ हवा होता, म्हणून त्यांचा प्रश्न अधिक अवघड होता.

रमाबाईंनी त्यावर जो मार्ग शोधला तो वादाचा नव्हता. उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात संपूर्ण बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले. संस्कृतप्रचुर भाषांतर सामान्य बायकांना कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. 1922 साली त्यांचा मृत्यू झाला आणि 1924 साली ते बायबल प्रसिद्ध झाले. यशया काय म्हणतो, हे मुक्तिसदनातील स्त्रियांना आता कोणा शास्त्र्याला वा पाद्र्याला न विचारता स्वतः वाचता येणार होते.