आलेखातली टेकडी आणि उत्तनचा बोंबील

विकरांवर तापमानाचा परिणाम दाखवताना बहुतेक शालेय पुस्तकांत दोन्ही बाजूंनी सारखीच उतरणारी टेकडी काढतात. या सोयीस्कर चित्राला आमची हरकत आहे. थंडीत विकरे फक्त मंदावतात. फार उष्णतेत प्रथिनाची घडीच मोडते. मीरा-भाईंदरच्या विद्यार्थ्यांना याचा पुरावा उत्तनच्या कोळीवाड्यात मिळेल. बर्फातला बोंबीलही हळूहळू लिबलिबीत होतो. त्यात जिवाणूंचा वाटा आहेच, पण माशाची स्वतःची विकरेही 0 अंशाला पुरती थांबत नाहीत. बर्फ वितळला की ती वेग घेतात. उकळलेला बोंबील मात्र कितीही थंड केला, तरी त्यातली विकरे सहसा पुन्हा कामाला लागत नाहीत. शिक्षकांनी फळ्यावर टेकडीची उजवी बाजू कड्यासारखी काढली, तरी पुष्कळ साधेल.

आम्लतेचा आलेख अधिक फसवा. सोरेनसेन यांनी 1909 मध्ये सामूची मोजपट्टी मांडली, तीही विकरांचा अभ्यास करतानाच. पण पेशीत सर्वत्र एकच सामू नसतो. पेशीद्रवाचा सुमारे 7.2, तर पाचक विकरे बाळगणाऱ्या लयकारिकांचा 5 च्या आसपास. म्हणून थोडी गळती झाली, तरी जिवंत पेशी स्वतःला पचवत नाही. मासा मेला, की लॅक्टिक आम्ल साठून सामू उतरतो आणि हे संरक्षण ढिले पडते.