‘स्टेन्सिल’ टाइप: फटीचे कारण

जेरी पॉवेल यांनी १९३७ साली ‘अमेरिकन टाइप फाउंडर्स’ या कंपनीसाठी ‘स्टेन्सिल’ हा ठळक इंग्रजी टाइप तयार केला. त्यात फक्त कॅपिटल अक्षरे आहेत आणि ती जागोजागी तुटलेली आहेत. का?

पत्र्यातून इंग्रजी ‘ओ’ कापला, तर मधला तुकडा गळून पडतो व रंगवल्यावर नुसता भरीव ठिपका उमटतो. तो तुकडा धरून ठेवण्यासाठी पत्र्याच्या पट्ट्या, म्हणजे पूल, राखावे लागतात. अक्षरातील फट ही त्या पुलाची जागा.

छापखान्यातील खिळ्याला मात्र पुलाची गरज नसते. पॉवेल यांच्या टाइपात फट उरते ती केवळ खूण म्हणून. हेच त्याचे बळ आहे: दोन-तीन शब्दांतच लष्कर, गोदाम, मालाची खोकी डोळ्यांपुढे येतात. मर्यादाही त्यातच आहे. लहान आकारात फटी बुजतात, लांब मजकुरात डोळा अडखळतो. आणि विषयाशी नाते नसेल, तर तो नुसता वेष ठरतो.

वर्गात जाड कागदातून ‘ठ’ कापून पाहा. पूल कोठे ठेवायचा, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या. मग फलकावरील प्रत्येक फटीबद्दल ते विचारतील: ही येथे कशासाठी?